मिनी ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा रिकॉल आलाय, ऐन फळछाटणीत ट्रॅक्टर उभा करायचा का?

तासगावकर_बागायतदार:

नमस्कार मंडळी. माझ्याकडं २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर हाय, फोर व्हील, दिंडोरी साईडच्या एका बागायतदाराकडनं सेकंडहँड घेतलेला, आरसी माझ्या नावावर झालेली हाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथं लगेच ह्या कंपनीवाले त्या कंपनीवाले अशी भांडणं सुरू होतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. तर झालंय असं की कंपनीचं पत्र गेलं जुन्या मालकाला, माणूस चांगला म्हणून त्यानं फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाकला. पत्रात लिहिलंय की ठराविक चासी नंबरच्या गाड्यांमधे हाय-लोच्या (जोरात-सावकाशच्या गिअरच्या) शिफ्टिंगमधे दोष सापडलाय, लोडवर किंवा उतारावर गिअर आपोआप न्यूट्रल होऊ शकतो, दुरुस्ती मोफत, आणि दुरुस्ती होईपर्यंत वाहन वापरू नये. माझा चासी नंबर त्या रेंजमधे बसतोय, आरसीवर आणि चासीवर दोन्हीकडं बघितला.

इथल्या डीलरला फोन केला तर म्हणतो तुम्ही आमचे कस्टमर न्हाई, जिथनं घेतला तिथं जावा. परत केला तर दुसरा कोणतरी म्हणाला पार्ट आला की कळवतो, तवर सावकाश चालवा, लई काय होत न्हाई. आणि वर म्हणे पाहिजे तर पोरगा घरी पाठवतो, लिव्हरची सेटिंग करून देतो, तेवढ्यानं भागतं.

आता माझी अडचण समजून घ्या. द्राक्षबागेची फळछाटणी झालीय, काही ओळीत पोंगा (कोवळा कोंब) फुटलाय, रोज दुपारनंतर ढग येतायत, ह्या टायमाला डावणीनं (बुरशीच्या रोगानं) गाठलं तर वर्षाचं वाटोळं. फवारणीचा ब्लोअर सगळा ह्या ट्रॅक्टरवर. अर्धी बाग सपाट हाय आणि अर्धी माळावर, तिकडं जाताना चांगला उतार लागतो. मला अजून तरी गिअर सुटल्याचं जाणवलं न्हाई, फक्त लो मधे टाकला की लिव्हर जरा ढिला वाटतो पण तो घेतल्यापासनंच तसा हाय. जुना मालक तर म्हणतो मला कधीच त्रास न्हाई. चालवू का नको? सेकंडहँडला रिकॉल लागू होतो का? आणि कुणी असलं काम करून घेतलंय का, किती दिवस गाडी अडकते?

डाळिंब_सांगोला:

चालवा हो. आमच्याकडं अर्ध्या तालुक्याच्या ट्रॅक्टरचे गिअर उतारावर सुटतात, लिव्हरला एका हातानं धरून ठेवायचं नाहीतर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधायची. कंपन्या पत्रं पाठवतात ती स्वतःची कातडी वाचवायला, उद्या काय झालं तर म्हणायला मोकळे की आम्ही सांगितलं होतं. बाग आधी, ट्रॅक्टर नंतर.

गिअरबॉक्सवाले_तात्या:

वर ट्यूबची पट्टी लिहिलंय त्यांना हात जोडून सांगतो, असलं लिहू नका, नवीन पोरं वाचतात. पिंपळगावला माझं गॅरेज होतं, ह्या साईजचे ट्रॅक्टर लई खोललेत. तासगावकर, नीट वाचा, जरा लांबड लागंल पण एकदाच सांगतो.

तुमच्या गाडीत दोन लिव्हर आहेत ना, एक मेन गिअरचा आणि एक हाय-लोचा. हे दोन्ही गिअर एकामागं एक आहेत. इंजिनची ताकद मेन गिअरमधनं हाय-लोत जाते आणि तिथनं पुढं मागच्या चाकांना, फोर व्हीलला पण. म्हंजे हाय-लो न्यूट्रल झाला की मेन गिअर पहिल्यात असो का तिसऱ्यात, इंजिनचा आणि चाकाचा संबंध संपला. इंजिनचं जे ओढून धरणं असतं उताराला, ते गेलं. आणि ह्यातली खरी मेख अशी की पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा) चालूच राहतो, तुमच्या ट्रॅक्टरात पीटीओची लाईन हाय-लोच्या अलीकडनं निघते. मागं ब्लोअरचा फॅन गरगर फिरतोय, आवाज सगळा तसाच, आणि गाडी मोकळी सुटलेली. माणसाला कळेपर्यंत दोन सेकंद जातात.

आतमधे काय असतं तर एक दांडी, तिच्यावर फोर्क, फोर्क गिअरला ढकलतो. दांडीला खाच असते, त्या खाचेत स्प्रिंगनं दाबलेली लोखंडी गोळी बसते, ती गोळी दांडीला जागेवर धरून ठेवते. आता स्प्रिंग मऊ पडली, खाच कमी खोल घासली गेली, फोर्क वाकला, नाहीतर गिअरचे दात टोकाला गोल झाले, ह्यातलं काहीही झालं तरी बाहेरनं दिसणारं लक्षण एकच, लोड उलटा पडला की गिअर बाहेर येतो. लोड उलटा म्हंजे इंजिन चाकाला ढकलत नाही, चाक इंजिनला ढकलतंय, म्हंजे उतार. म्हणून सपाटावर वर्षभर चालवली तरी जाणवत नाही आणि जुना मालक खोटं बोलत नाहीये. दिंडोरीला त्याची बाग सपाटीला असंल.

लिव्हरची सेटिंग म्हंजे बाहेरच्या रॉडची लांबी कमीजास्त करणं. फोर्क नीट असंल आणि लिव्हर पूर्ण जात नसंल तर त्याचा उपयोग होतो, कंपनीनं चासी नंबर काढून पार्ट बदलायला सांगितलाय तर त्याचा काय उपयोग? उलट सेटिंग केली की लिव्हर घट्ट वाटायला लागतो, माणूस निर्धास्त होतो, आणि डीलरच्या कागदावर काम झालं अशी नोंद पडली तर मग पार्टचं विसरा.

आता ६०० लिटरचा ब्लोअर असंल तर भरल्यावर पाणीच ६०० किलो, वर ब्लोअरचं स्वतःचं वजन. तुमचा ट्रॅक्टर सगळा मिळून त्याच्याच आसपास. म्हंजे उतारावर मागचा बोजा ट्रॅक्टरला ढकलत नेतो. माळाच्या प्लॉटात ही गाडी न्यायची नाही. बस.

कॅरोलायनाचा_निफाडकर:

तात्यांशी शंभर टक्के सहमत. मी मूळ निफाडचा, आता इकडे नॉर्थ कॅरोलायनात, घराला लागून थोडी जमीन आहे म्हणून एक छोटा ट्रॅक्टर ठेवलाय, गवत कापणे आणि हिवाळ्यात लाकडं ओढणे एवढंच काम. इकडे ह्याला कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर म्हणतात आणि बऱ्याच जणांकडे गिअरऐवजी हायड्रोस्टॅटिक असतो, म्हणजे पायडल सोडलं की तेलाच्या दाबानेच गाडी थांबते. त्यामुळे लोकांना ब्रेक वापरायची सवयच राहत नाही, तो एक वेगळाच वांधा.

रिकॉलबद्दल सांगतो. इकडे असले ट्रॅक्टर रस्त्यावरच्या वाहनांच्या खात्याकडे नाही तर घरगुती वस्तूंच्या सुरक्षेचं जे कमिशन आहे, सीपीएससी, त्यांच्याकडे येतात, टोस्टर आणि पाळण्यांच्या रिकॉलच्या रांगेत. धोकादायक दोषाची माहिती हाती आली की कंपनीने २४ तासांच्या आत कमिशनला कळवायचं असा नियम आहे. २०२४ साली जॉन डिअरने इथल्या त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरांच्या तीन मॉडेलचा रिकॉल काढला, आकडा दीड लाखाच्या जवळपास होता, तो गिअरबॉक्सचा नव्हता, ब्रेकच्या लिंकेजमधला एक तुकडा तुटू शकतो आणि ब्रेक जाऊ शकतो असा होता. तेव्हा सुद्धा इथल्या लोकांनी अगदी हेच विचारलं की आत्ता सीझन आहे, मी सपाटावर चालवतो, मला काय होणार. सरकारी नोटिशीत वाक्य एकच असतं, ताबडतोब वापर थांबवा. आणि ट्रॅक्टर पहिल्या मालकाकडे आहे का चौथ्या ह्याच्याशी देणंघेणं नसतं, सिरियल नंबर बघतात, काम करून देतात.

अजून एक, मांडवाखाली जाण्यासाठी तुमच्याकडे मागची सेफ्टी फ्रेम काढून टाकलेली असते किंवा मुळात नसतेच. असा ट्रॅक्टर कलंडला तर वाचवायला काही नाही. इकडे फोल्डिंग फ्रेम असते, उभी असेल तेव्हा बेल्ट लावायचा आणि दुमडली असेल तेव्हा लावायचा नाही असं शिकवतात, कारण मग बेल्टने माणूस गाडीखालीच अडकतो.

तासगावकर_बागायतदार:

तात्या लई उपकार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. फ्रेम नाहीच माझ्या गाडीला, फ्रेम असली तर गाडी मांडवात जातच नाही. माळाचा प्लॉट बंद केला आजपासनं. पण सपाटावरचं फवारणीचं काय, तिथं चालवू का? आणि गाडी नुसती उभी केली तरी सुटते का ही?

गिअरबॉक्सवाले_तात्या:

उभी केली तरी सुटू शकते. आपली सगळ्यांची सवय काय, इंजिन बंद करायचं, पहिला टाकायचा आणि उतरून जायचं. हाय-लो सुटला तर पहिला गिअर काय धरणार? हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावाच, तेही मागच्या चाकाला, उताराच्या बाजूनं. पोरं खेळतात तिथं उभी करू नका.

सपाटावरचं मी चालवा म्हणणार नाही. पत्रात वापरू नका लिहिलंय, मी कोण चालवा म्हणणारा? पण मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे, पोंगा फुटलेल्या बागेला ढगात मोकळं ठेवणारा मला अजून भेटला नाही. तेव्हा गाडी शेडपर्यंत का होईना हलवावी लागलीच तर डावा उजवा ब्रेक जोडायची जी पट्टी असते ती आधी लावा. बागेत वळायला सोपं पडतं म्हणून सगळे ती पट्टी काढून टाकतात. गाडी सुटली आणि घाबरून एकाच बाजूचा ब्रेक दाबला गेला तर गाडी जाग्यावर फिरते आणि पलटी मारते. दुसरं, पळत्या गाडीत परत लो मधे घालायचा प्रयत्न करू नका, जात नाही तो, नुसता खरडतो, आणि तेवढ्यात ब्रेकचा टाईम जातो. दोन्ही ब्रेक सोबत, बाकी काही नाही. ब्लोअर जोडून मात्र नको.

फवारणीला दुसरी सोय बघा. एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणीचा पंप) असंल ना पडून? गन लावा, दोन माणसं जास्त लागतील पण होतं. नाहीतर शेजारपाजारी सावड करा.

वकीलताई_कोल्हापूर:

नमस्कार दादा, मी ग्राहक आयोगात केसेस चालवते. तुमच्या प्रश्नातला कायद्याचा भाग कुणी घेतला नाही म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे 'तुम्ही आमचे कस्टमर नाही' हे उत्तर डीलर देऊ शकतो, कंपनी देऊ शकत नाही. रिकॉल कंपनीचा असतो आणि तो गाडीला लागलेला असतो, बिलावर कुणाचं नाव आहे त्याला नाही. ट्रॅक्टर हे मोटर वाहन कायद्यातलं वाहनच आहे, व्याख्येतच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात कलम ११०अ आलं, १ एप्रिल २०२१ पासून ते आणि त्याचे नियम लागू आहेत. दोष असेल तर केंद्र सरकार कंपनीला वाहनं परत बोलवायला सांगू शकतं, आणि तसा आदेश झाला की पूर्ण पैसे परत देणे, तसंच किंवा त्याहून चांगलं वाहन देणे किंवा दुरुस्त करून देणे ह्यातलं काहीतरी करावंच लागतं. कंपनीला स्वतःला दोष दिसला तर तिने सरकारला कळवून आपणहून रिकॉल सुरू करायचा, तसं केलं तर दंडातून सुटका होते. म्हणून कंपन्या आपणहून पत्रं पाठवतात. वर एका दादांनी लिहिलंय की कातडी वाचवायला पाठवतात, अगदी बरोबर आहे, पण तीच गोष्ट तुमच्या कामाची आहे, कारण आता लेखी कबुली तुमच्या हातात आहे.

दुसरं, फोनवर काही करू नका. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, डीलरला कॉपी ठेवा. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर, आरसीचा फोटो, पत्राचा फोटो, गाडी आत्ता किती तास चाललीय ते मीटरचं रीडिंग, डीलरशी कधी बोलणं झालं आणि त्याने काय सांगितलं. सावकाश चालवा असं डीलरने सांगितलं हे तर नक्की लिहा, बघा किती पटकन फोन येतो. आणि एक ओळ, दुरुस्तीची तारीख आणि तोपर्यंतची पर्यायी सोय लेखी कळवावी.

उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, कंपनीच्या गावाला जायची गरज नाही, दिलेली किंमत ५ लाखाच्या आत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षं. तिथे कंपनीचा वकील हमखास म्हणेल की द्राक्षबाग हा धंदा आहे, हा ग्राहकच नाही. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत असं कायद्यातच लिहिलंय, आणि २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने बियाणांच्या केसमधे शेतकरी हा ग्राहक आहे हे स्पष्ट केलंय, त्यामुळे घाबरू नका.

इन्शुरन्सबद्दल कुणी विचारलं नाही पण सांगते. पॉलिसीत एक अट असते की मालकाने वाहन सुस्थितीत ठेवण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी. वापरू नका असं लेखी येऊनही वापरलं आणि गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी तो मुद्दा काढणार, मग भांडत बसा. आणि गाडीवर तुमचा माणूस असेल, ड्रायव्हर असेल, तर पत्र माहीत असून त्याला बसवलंत ही जबाबदारी वेगळीच.

लातूरच्या_ताई:

ताई एक विचारू का, आमचा मिनी ट्रॅक्टर बचत गटाचा आहे, समाजकल्याणच्या योजनेतला, ९० टक्के अनुदानाचा. आम्हाला असलं पत्र आलं तर कुणी जायचं? सगळे म्हणतात ऑफिसकडून परवानगी आणा. आमच्यातल्या एका बाईचा नवरा चालवतो तो.

वकीलताई_कोल्हापूर:

आरसी गटाच्या नावावर आहे ना, मग गटच मालक. अध्यक्ष सचिवांच्या सहीने अर्ज द्या, गटाचा ठराव सोबत लावा म्हणजे कुणी नंतर बोलायला नको. गाडी विकणं किंवा नावावर करणं ह्याला बंधन असतं, दुरुस्तीला नेण्यासाठी परवानगी कशाला लागेल. कार्यालयाला पत्राची एक प्रत देऊन पोच घेऊन ठेवा, एवढं पुरे. आणि जो चालवतो त्याला आज सांगा, पत्र गटाच्या फायलीत पडून राहतं आणि चालवणाऱ्याला पत्ताच नसतो असं होतं.

नाव_नको_सर्व्हिसवाला:

मी एका डीलरकडं सर्व्हिसला आहे, कुठल्या ब्रँडचा ते सोडा. आतली गंमत सांगतो म्हणजे डीलर असा का वागतो कळेल. रिकॉलच्या कामाला कंपनी आम्हाला लेबर देते ते ठराविक तासांचं, आणि गिअरबॉक्सचं काम त्या तासात कधीच होत नाही. हाय-लोचा फोर्क बदलायचा म्हंजे ट्रॅक्टर मधून दोन भागात वेगळा करायचा, स्टँड लावायचे, वायरिंग, हायड्रॉलिकचे पाईप, सगळं सोडायचं, तेवढ्या वेळात मेकॅनिक पैसे मिळणाऱ्या चार पाच सर्व्हिसिंग करतो. म्हणून रिकॉलची गाडी मागं ढकलतात. चूकच आहे, पण असंच चालतं.

तुम्ही गेल्यावर म्हणायचं की चासी नंबर टाकून सिस्टीममधे बघा, माझ्या गाडीवर कॅम्पेन ओपन दिसतंय का. रिकॉल हा शब्द ऐकून काउंटरवरचा पोरगा गोंधळतो, कॅम्पेन म्हटलं की त्याला कळतं. ओपन असेल तर पार्टची ऑर्डर त्याच नंबरवर टाकता येते, डीलरला पैसे गुंतवावे लागत नाहीत. जॉब कार्ड कॅम्पेनमधेच उघडून घ्या, पेड जॉबमधे नको. पार्ट आल्याचा मेसेज आल्याशिवाय गाडी आणून टाकू नका, नाहीतर ती महिनाभर आमच्या अंगणात धूळ खाते आणि बॅटरी उतरते ते वेगळंच. पार्ट हातात असेल तर काम दोन दिवसाचं.

अजून एक. तेल. ह्या ट्रॅक्टरात गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक सगळे एकाच तेलात असतात, गिअरबॉक्स खोलला की सगळं तेल काढावं लागतं. बऱ्याच ठिकाणी फोर्क फुकट बसवतात आणि तेलाचं, फिल्टरचं, पॅकिंगचं बिल हातात देतात, म्हणतात कन्झ्युमेबल आहे. काही कंपन्या तेल कॅम्पेनमधे देतात, काही देत नाहीत, पत्रात काय लिहिलंय ते बघा. जुनंच तेल गाळून परत भरतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, फोर्क घासला असेल तर त्याचा लोखंडाचा चुरा त्याच तेलात आहे आणि ब्रेकच्या प्लेटा पण त्यातच बुडालेल्या आहेत.

वकीलताई_कोल्हापूर:

तेलाचं हे चांगलं सांगितलंत. पत्रात दुरुस्ती मोफत एवढंच असेल, पार्ट मोफत असं नसेल, तर तेल दुरुस्तीतच आलं. बिल मागितलं तर भांडण न करता भरायला लागलंच तर 'हरकत नोंदवून रक्कम भरली' असं बिलावर लिहून सही करा, नंतर मागता येतं.

डाळिंब_सांगोला:

एवढे कागद रंगवण्यापेक्षा विकून मोकळा व्हा ना. सीझनला गिऱ्हाईक उभं असतं.

गिअरबॉक्सवाले_तात्या:

आणि घेणाऱ्याच्या पोराला गाडीखाली घालायचं? पत्र दाखवून विकणार असाल तर विका, मग बघा किती गिऱ्हाईक उभं राहतंय.

डाळिंब_सांगोला:

तात्या तसं नव्हतं म्हणायचं. बरं मी पण माझा नंबर कंपनीच्या साईटवर टाकून बघितला, माझ्यावर काही नाही निघालं. ट्यूबची पट्टी बांधलेला ट्रॅक्टर भावाचा आहे, त्याची कंपनी वेगळी, तो जुना आहे पंधरा वर्षं.

गिअरबॉक्सवाले_तात्या:

तो रिकॉलमधे येणार नाही, पण गॅरेजला न्या. स्प्रिंग आणि गोळीचं काम स्वस्तातलं असतं, फोर्क आणि गिअर जाऊ देऊ नका.

तासगावकर_बागायतदार:

सगळ्यांना कळवतो काय झालं ते, कारण मलाही असले धागे सापडले होते ज्यात विचारणारा गायब झालेला आणि पुढं काय झालं कळतच नाही.

ताईंनी सांगितल्यासारखा ईमेल केला, पोरीनं टाईप करून दिला. डीलर सावकाश चालवा म्हणाला ही ओळ टाकली आणि खरंच कंपनीचा एरिया मॅनेजर स्वतः फोनवर आला, आधी विचारलं कोण म्हणालं असं. मी म्हटलं ते नंतर बघू, आधी कॅम्पेन ओपन हाय का सांगा. हा शब्द ऐकून गडी जरा थबकला. ओपन होतं, पण नाव जुन्या मालकाचं आणि मोबाईल नंबर पण त्याचाच, म्हणून मला काहीच येत नव्हतं. आरसी पाठवल्यावर नाव नंबर बदलला. म्हणजे ज्यांनी कुणी जुना घेतलाय त्यांनी हे आधी करा, पत्राची वाट बघू नका.

पर्यायी ट्रॅक्टर मागितला, नाही म्हणाले, डेमोची गाडी दुसऱ्या तालुक्यात हाय म्हणे. मग फवारणीला चुलतभावाचा ट्रॅक्टर, त्याचं औषध सकाळी माझं संध्याकाळी, आणि माळावर एचटीपी आणि गन. माळावर पानाच्या खालनं नीट बसत नाही गननं, माणूस दमला की वरवर मारतो, मागं उभं राहावं लागतंय. डावणीचे दोन चार ठिपके दिसले तिकडं, पानं काढून टाकली, आटोक्यात हाय.

पार्ट आला, गाडी त्यांनी स्वतः पिकअपमधे घालून नेली, चालवत नेतो म्हणत होते ते मी ऐकलं न्हाई. मी हजर होतो खोलताना. तात्या तुम्ही म्हणला तसंच, फोर्कच्या एका टोकाला चकचकीत घासलेलं आणि गोळीची खाच एका बाजूनं झिजलेली, गिअरचे दात ठीक होते. तेलाचं बिल काढलं होतं, पत्रातली ओळ दाखवली, मग आत जाऊन आले आणि काढून टाकलं. चुलतभावाच्या डिझेलचा आणि गनच्या माणसांच्या मजुरीचा हिशोब ठेवलाय, कंपनी म्हणते तो आमच्याकडं बसत नाही. ताई त्याचं काय करायचं ते मी तुम्हाला वेगळं विचारतो.

नाव_नको_सर्व्हिसवाला:

जॉब कार्डची कॉपी घेतलीत का? त्याच्यावर कॅम्पेन क्लोज अशी एंट्री आणि तारीख पाहिजे, विकताना लागते.

तासगावकर_बागायतदार:

घेतली. जुना फोर्क पण मागितला तर म्हणाले तो कंपनीला परत पाठवावा लागतो, फोटो काढून घेतला.

गिअरबॉक्सवाले_तात्या:

बरोबर आहे, रिकॉलचा पार्ट परत जातो. थोडं चालवल्यावर तेलाची पातळी परत एकदा बघा, नवीन भरल्यावर हायड्रॉलिकच्या पाईपात तेल जातं आणि पातळी उतरते. आणि जॉइंटच्या पॅकिंगला खालनं हात लावून बघा पाझरतंय का. पहिल्यांदा माळावर नेताना ब्लोअर रिकामा न्या.

कॅरोलायनाचा_निफाडकर:

आणि ब्रेकची पट्टी लावून.

तासगावकर_बागायतदार:

पट्टी गावात मिळाली नाही, वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतोय.

गिअरबॉक्सवाले_तात्या:

वेल्डिंगवाल्याची नको, डीलरकडं मिळते, नंबर टाकून मागवा. पिन सैल बसली तर भर रस्त्यात एकच ब्रेक लागतो.